बिनपैशाचा डाव

अंबाबाईंनी फोनवर एकच गोष्ट सांगितली, पण ती थोरल्या सुनेला चांगलीच झोंबली. यंदा महालक्ष्म्या बसतील त्या धाकट्या सुनेच्या, स्मिताच्या हातानं बसतील. ते जमत नसेल तर मुखवटे पांढुर्ण्याला आणून द्यावेत, आपण इथेच बसवू. दामिनीनं पुढचं काही ऐकून घेतलं नाही. तिनं फोन नवऱ्याच्या, मुकुंदच्या हातात दिला, आणि दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मुकुंद जसा सगळ्यालाच मान डोलावतो तसा तो "हाव आई, हाव" म्हणून मोकळा झाला.

त्यामुळे महालक्ष्म्यांच्या आवाहनाच्या सकाळी स्मिता सौसरला, थोरल्यांकडे जाणाऱ्या बसमध्ये बसली होती. शेजारी सासू, मांडीवर केवड्याची आणि आघाड्याची पिशवी. मागच्या सीटवर ऋतुजा कानात वायरी घालून डोळे मिटून बसली होती. ती झोपलेली नाही हे स्मिताला ठाऊक होतं. बारावीत गेलेली पोरगी आईशी बोलायचं टाळायला इतपत सोंग करू शकते. नवऱ्याला, पंकजला सुट्टी नव्हती. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्याच्या ऑफिसातलं काम वाढलं होतं, तो दुसऱ्या दिवशी जेवणाला येणार होता.

"दामिनीताई मला मुखवट्याला हात लावू देतील का, आई?" स्मितानं विचारलं.

"मी हावो ना," अंबाबाई म्हणाल्या आणि बाहेरच्या कपाशीकडे पाहत राहिल्या.

दोन वर्षांपूर्वी याच सणाला सौसरच्या घरात दागिन्यांचा डबा उघडला गेला होता. दोन महालक्ष्म्यांच्या सोन्याच्या दोन पुतळीमाळा, अंबाबाईंच्या सासूच्या वेळच्या. लॉकर पांढुर्ण्याच्या बँकेत, म्हणून डबा स्मिताकडे राहायचा. शिकलेली सून, शाळेत मास्तरीण, तिच्याइतकं नीट कोण ठेवणार, असं सगळ्यांचंच मत होतं. त्या दिवशी डब्यात नुसता कापूस निघाला. मुकुंद कापूस उलटापालटा करून पाहत राहिला, जणू माळा त्याच्या आत कुठे अडकल्या असाव्यात. स्मिता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं काही सांगायची गरज उरली नाही. तिचं तोंड पाहूनच दामिनीला कळलं.

मोबाईलवरच्या रमीत ते सोनं गेलं होतं. सोन्याआधी तिची स्वतःची पुंजी गेली होती आणि ऋतुजाच्या शिकवणीचे पैसेही.

सुरुवात कशी झाली ते सांगायला गेलं की ऐकणाऱ्याला बहाणा वाटतो, म्हणून स्मिता सहसा सांगत नसे. सासरे यशवंतराव अर्धांगवायूनं पडले, तेव्हा दवाखाना जवळ म्हणून त्यांना पांढुर्ण्याला आणलं. अंबाबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, त्या सौसरलाच राहिल्या. स्मितानं शाळा सोडली. पंकज ऑफिसात, ऋतुजा शाळेत. रविवारी सौसरहून डबा यायचा. बाकीच्या सगळ्या दुपारी त्या खोलीत वाचा गेलेला म्हातारा आणि ती, एवढेच. कूस बदलून द्यायची, पेज भरवायची, चादर बदलायची, आणि मग पुन्हा कूस बदलायची वेळ होईपर्यंत बसून राहायचं. त्या बसण्यात ती मोबाईल खेळू लागली. आधी फुकटचा खेळ होता. मग थोडे पैसे लावले आणि जिंकली. जिंकलेल्या पैशातून तिनं सासऱ्यांसाठी, मामाजींसाठी हवेची गादी आणली. पाठीच्या जखमा त्या गादीनं खरोखरच कमी झाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस खेळताना तिला वाटायचं, आपण घरासाठीच काही करतो आहोत.

आणि मग ती दुपार. तिनं मोबाईलमधून मान वर केली तेव्हा वाटीतली पेज निवून गेली होती आणि यशवंतराव संपले होते. कधी संपले ते तिला कळलं नाही. पाणी हवं असलं की ते खाटेच्या दांडीवर बोटानं टकटक करायचे. त्या दुपारी टकटक झाली होती का? झाली असेल तर आपण ऐकली होती का? हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं आणि आताही येत नव्हतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि ती पुन्हा खेळायला बसली. माळा त्यानंतर विकल्या.

डबा उघडल्यावर पंकज कित्येक महिने तिच्याशी बोलला नाही. तिनं दोनदा ऋतुजाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली आणि दोन्ही वेळा मोडली. दुसऱ्यांदा तर तिनं शेजारच्या बाईचा मोबाईल मागून आणला होता. तेव्हापासून ऋतुजा तिला हात लावू देत नव्हती. शेवटी पंकजच तिला नागपूरला घेऊन गेला. तिथे दर शनिवारी जुगार सोडू पाहणारे लोक एका खोलीत गोल करून बसायचे. त्यांच्यात ती एकटीच बाई होती. पहिले काही शनिवार ती खाली मान घालून बसली. मग त्यांच्यातले रामाकोना गावचे रघुनाथराव बोलले. एकेकाळी कापसाचे मोठे व्यापारी होते, सट्ट्यात सगळं घालवलं, सोडूनही आता बरीच वर्षं झाली होती. बायको माहेरी गेली ती परत आली नाही. ते म्हणाले, सुटलं म्हणजे गेलेलं परत येते असं समजून कोणी सोडू नका, नुसतं सुटते, बस. त्या दिवशी स्मितानं पहिल्यांदा ती खोली, ती वाटी आणि ती टकटक सांगितली. मग सौसरला जाऊन सासूला सांगितली.

अंबाबाई त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. स्मिताला वाटलं, आता या घराशी आपला संबंध संपला. पण आठवडाभरानं म्हातारी आपली पत्र्याची पेटी घेऊन पांढुर्ण्याला राहायला आली.

"दुपारची मी बसत जातो तुह्यापाशी," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून दोघी दुपारी वाती वळायच्या, तांदूळ निवडायच्या, नाहीतर नुसत्या बसायच्या. स्मिताकडे बटणांचा साधा फोन होता. व्यवहार पंकजकडे, दूधवाल्याचा हिशेब अंबाबाईंकडे. संध्याकाळी रामाकोन्याहून रघुनाथरावांचा फोन यायचा, कशी आहेस एवढंच विचारायला. मधल्या काळात ती एकदा घसरली होती, तेही तिनं त्याच दिवशी सांगितलं होतं. आता बरेच महिने झाले होते. पण बरेच महिने झाले असं म्हणायला ती स्वतः कचरायची.

सौसरच्या घरी मुकुंदनं तोंडभर स्वागत केलं. दामिनीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, सासूच्या पाया पडली, ऋतुजाला जवळ घेतलं. स्मिताला म्हणाली, "ये." मग ती आपल्या खोलीत गेली. कपाटाला कुलूप लावल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मुकुंदला अवघडल्यासारखं झालं, तो उगाच पंख्याबद्दल बोलू लागला. स्मिताला त्या आवाजाचं वाईट वाटलं नाही. आपण दामिनीच्या जागी असतो तर आपणही लावलं असतं, असं तिच्या मनात आलं, आणि वाईट वाटलं ते त्याचं.

दुपारभर दोघी जावा स्वयंपाकघरात एकमेकींच्या आड न येता काम करत होत्या. आंबाडी निवडली गेली, आंबिलीचं पीठ भिजलं. बोलणं फक्त डाळीचं आणि मिठाचं. मग एकदा दामिनी सासूला बाजूला घेऊन गेली आणि आवाज खाली ठेवून म्हणाली, की स्मितानं यावं, जेवावं, राहावं, पण मुखवट्याला तिचा हात लागू नये. देवीच्या अंगावरचं विकणाऱ्या हातानं तिला कसं उचलायचं? अंबाबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. आणि मुखवट्यांचं ताट स्वतः उचलून त्यातला एक दामिनीच्या हातात दिला, दुसरा स्मिताच्या.

आवाहनाची रीत घरात जुनी होती. अंगणापासून देवघरापर्यंत कुंकवाची पावलं काढलेली. मुखवटा घेऊन सून उंबऱ्याशी थांबते, आतून विचारतात, महालक्ष्मी कशाच्या पावलांनी आली, आणि ती सांगते. पुढे दामिनी होती. तिनं ठरलेली उत्तरं भराभर दिली, हळदीच्या, कुंकवाच्या, धान्याच्या, सोन्याच्या पावलानं, आणि आत गेली. मागून स्मिता उंबऱ्याशी आली.

"कशाच्या पावलानं आली?" अंबाबाईंनी विचारलं.

"हळदीच्या पावलानं. कुंकवाच्या पावलानं. धान्याच्या पावलानं."

पुढचा शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. मुकुंद घंटा वाजवायचा थांबला. ऋतुजा भिंतीला टेकून उभी होती, तिनं नजर खाली वळवली. क्षणभर वाटलं अंबाबाई पुन्हा विचारतील. पण त्या बाजूला झाल्या आणि म्हणाल्या, "ये बाई, आत ये." देव्या बसल्या. गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. पंकज सकाळच्या बसनं आला होता. पुरणाचा वास, सोळा भाज्या, पंगती उठल्या, सवाष्णींच्या ओट्या झाल्या. जेवणानं सगळे जडावले. अंबाबाई देव्यांसमोर खुर्चीत बसल्या बसल्या पेंगू लागल्या. मुकुंदनं बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली आणि पत्त्यांचा जोड काढला. दरवर्षीची रीत होती, महालक्ष्म्यांच्या जेवणानंतर पुरुष मंडळी रमी खेळायची. पंकज, शेजारच्या दुकानातला संदीप आणि मुकुंद. स्मिता पानांचा डबा ठेवायला आत आली तेव्हा मुकुंद पत्ते पिसत होता.

तिनं तो आवाज बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. मोबाईलमध्येही तसाच आवाज असायचा, कोणीतरी बरोबर नक्कल करून घातलेला. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. तिला आनंद झाला. आपल्या माणसाची हाक ऐकू यावी तसा आनंद झाला, आणि तो इतका साधा, इतका ओळखीचा होता की त्याला नाही कसं म्हणायचं ते तिला आठवेना.

"ये स्मिता, बस," मुकुंद म्हणाला. "एक हात कमी पडून राहिला."

"नको दादा."

"अवं, बिनपैशाचा डाव आहे. घरातल्या घरात. कालपासून पाहून राहिलो, तू पाहुण्यावानी कोपऱ्यात. झालं ते झालं. आम्ही काही मनात नाही ठेवलं."

मुकुंद मनापासून बोलत होता. या घरात दोन वर्षांत तिला कोणी इतक्या मायेनं बस म्हटलं नव्हतं. तिनं पंकजकडे पाहिलं. तो पत्त्यांकडे पाहत होता. नाही म्हणावं तर भावाचा मान मोडतो, गप्प राहावं तर हे असं. तो गप्प राहिला. स्मिता सतरंजीच्या कडेला टेकली. पत्ते वाटले गेले. तिच्यासमोर तेरा पानं पालथी पडली. हात पुढे गेला. दारात ऋतुजा उभी होती, आणि ती आईच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहत होती.

तेवढ्यात दामिनी सुपारी घेऊन आली. तिनं ताटली खाली ठेवली. तिनं स्मितासमोरची पानं उचलली, मग संदीपच्या हातातली, पंकजच्या हातातली, आणि शेवटी नवऱ्याच्या. सगळा जोड घेऊन ती मोरीत गेली आणि खरकट्याच्या बादलीत टाकून आली.

"हे काय होय?" मुकुंद म्हणाला. "बिनपैशाचे होते म्हटलं ना."

"तिचे पयलेही बिनपैशाचेच होते," दामिनी म्हणाली. "या घरात आता पत्ते नाही."

संदीप चप्पल शोधू लागला. मुकुंदचा चेहरा उतरला. मग हळूहळू त्याला काय झालं ते उमगलं असावं, कारण तो उठून स्मितासमोरून जाताना थांबला, आणि मग बाहेर ओट्यावर जाऊन बसला. पंकज तिथेच होता. तो म्हणाला, "मी बोलायला पाहिजे होतं." स्मितानं मान हलवली. ती मागच्या अंगणात गेली, तिथून रघुनाथरावांना फोन लावला आणि पानांना हात लावायच्या आधी काय वाटलं ते जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकत राहिले. म्हणाले, आनंद होणारच, पोरी, मले अजूनही होते. आता भांडे घासायले बस.

ती भांडी घासायला बसली. थोड्या वेळानं दामिनी आली आणि पाटावर तिच्यासमोर बसली. बराच वेळ दोघी राखेनं पातेली घासत होत्या.

"तुह्यासाठी नाही केलं मी ते," दामिनी म्हणाली. "मले अजूनही तुह्यावर भरोसा नाही."

"ठेवू नका, ताई. दादांनी ठेवला, तर मी जाऊन बसले."

दामिनीनं पातेलं बाजूला ठेवलं. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ते कालपासून, कदाचित त्याच्याही आधीपासून, तिच्या ओठावर होतं.

"आईनं सांगतलं मले, मामाजीचं. त्याईनं पाणी मांगतलं होतं का त्या दिवशी?"

"माहीत नाही, ताई. मागितलं होतं असं कळलं असतं तरी मी ते धरून रडले असते. नव्हतं मागितलं असं कळलं असतं तर सुटले असते. माहीतच नाही."

अंगणात पाण्याच्या टाकीवर चिमण्या बसल्या होत्या. दामिनी त्यांच्याकडे पाहत बोलली, स्मिताकडे नाही.

"मी रविवारचा डबा घेऊन येत होतो ना, तवा दारातूनच वापस जात होतो. खोलीत वास यायचा. एका रविवारी तू मोबाईलमंदी मुंडकं घालून बसली होती. मी दारात उभी, तुले पत्ता नाही. मामाजी माह्याकडे पाहून राहिले होते. मी तवाच समजली, हे काही बरं नाही." ती थांबली. "मी म्हटलं नाही कोणाले. म्हटलं असतं तर त्याईले आमच्याकडे आणा लागलं असतं."

स्मितानं हातातलं भांडं खाली ठेवलं. राग यायला हवा होता, पण रागाची जागा कधीच दुसऱ्या कशानं तरी भरून गेली होती. मामाजी दाराकडे पाहत होते, एवढंच तिच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्यांना दोन्ही सुना दिसत होत्या आणि त्यांना बोलता येत नव्हतं.

"चूक माझीच होती, ताई," ती म्हणाली.

"हाव, तुहीच होती," दामिनी म्हणाली. "माही दुसरी होती."

अंबाबाई केव्हा मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या ते दोघींना कळलं नाही. त्या काठीवर भार देऊन चौकटीला टेकल्या होत्या. दम लागला होता.

"मी किती दिवस पुरीन?" त्या दामिनीला म्हणाल्या. "दुपार मोठी राहते. म्हणून आणलं तिले इथी. देवीसाठी नाही आणलं."

दामिनीनं पदरानं हात पुसले. उठून सासूला खुर्ची आणून दिली, तिच्या पायाखाली पाट सरकवला. मग परत येऊन बसली आणि धुतलेली भांडी पालथी घालू लागली.

"मंगळवारी दुकान बंद राहते आमचं," ती स्मिताला म्हणाली. "मंगळवारी दुपारची येत जातो मी. कुलूप मात्र इथी लावूनच येईन."

"लावा," स्मिता म्हणाली.

शनिवारी नागपूर, रोज संध्याकाळी रामाकोन्याचा फोन, दुपारी आई, आणि आता मंगळवारी ही. एका बाईच्या दुपारी सांभाळायला इतकी माणसं लागत होती. त्यांतलं एक जरी तेव्हा त्या खोलीत येऊन बसलं असतं, किंवा तिनं एकालाच बोलावलं असतं, तर खाटेवरच्या माणसाला पाणी मिळालं असतं. तिनं बोलावलं नव्हतं. कोणी आलं नव्हतं. दामिनीनं शेवटचं पातेलं तिच्या हातात दिलं, आणि ती ते घासू लागली.